वाघाची चिठ्ठी

आमच्या खेळाचे नियम मी केले होते, त्यामुळे ते पाळण्याबाबत मी जरा कडक होतो. पाच चिठ्ठ्या. एकीवर वाघ, बाकीच्यांवर गावकरी. आपली चिठ्ठी पाहून झाकून ठेवायची, एकमेकांना आडवेतिडवे प्रश्न विचारायचे आणि तीन म्हणताच संशयिताकडे बोट दाखवून ओरडायचं, 'वाघ तू!' तिघांची बोटं एकावर आली की त्याची चिठ्ठी उघडायची. नाही तर पुन्हा प्रश्न. तोंडाने म्हटलं नाही तर बोट बाद. ही अट मी घातली, कारण आमच्यातला बँकवाला दोघांच्या मधोमध बोट दाखवायचा आणि मग सोयीने वळवायचा.

नोकरीपायी आम्ही कुरखेड्यात खोल्या करून राहत होतो. रविवारी सकाळी माझ्याकडे जमायचो. मी घुग्घुसचा, कोळशाची धूळ खाऊन वाढलेला. वाघ पाहिला तो ट्रकच्या फळीवर रंगवलेला. आमच्यातला एकजण मात्र इथलाच, जंगलातल्या गावचा.

त्या रविवारी वाघाची चिठ्ठी मला आली. तीन म्हणताच त्या मित्राने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं आणि तोंड मिटून बसला.

'बोल ना बे,' मी म्हणालो.

'नाई बोलत.'

'मग बोट बाद.'

'कर बाद.'

माझ्यावर आणखी दोन बोटं होती. त्याचं धरलं असतं तर मी सापडलो असतो.

'काऊन बे, तूच तं नाई ना?' बँकवाल्याने त्याला विचारलं.

'माय मोहा वेचाले गेली हाये,' तो म्हणाला. 'घरचं मानूस जंगलात असलं का त्या जनावराचं नाव नाई घेत आमच्याकडं. ती घरी येतपर्यंत नाई घेनार.'

मोहाची फुलं पहाटे पडतात, बायका अंधारातच निघतात आणि ऊन तापायच्या आत परततात. ऊन केव्हाच तापलं होतं. त्या बाजूला वाघ फिरत असल्याचं आठवडाभर सगळेच बोलत होते. ती फोन घरीच ठेवून जायची; याने तीनदा लावून पाहिला होता. याचा फोन गुडघ्याजवळ उताणा पडला होता.

'मग खेळतो काऊन?' मी विचारलं.

'नाई तं काय करू? भिंतीकडं पाहू?'

'चाल, वाघाऐवजी कोल्हा म्हण,' बँकवाला म्हणाला.

'कोल्हा म्हनलं तरी मनात तोच येते.'

मला खरं तर राग आला. 'इथी नाव घेतल्यानं तिथी काय होते?' मी विचारलं.

'काई नाई होत. तरी नाई घेत.'

यावर वाद घालायला जागाच नव्हती, म्हणून मी आणखी चिडलो. पुन्हा प्रश्न झाले, पुन्हा त्याचं बोट माझ्यावर, पुन्हा बाद. तिसऱ्या खेपेला कोणी प्रश्नच विचारेना. सगळ्यांचं लक्ष फोनकडे. त्याची आई मी कधी पाहिलीही नव्हती, पण आता मलाही भीती वाटत होती. चहाचे कप तसेच पडले होते, त्यावर साय धरली होती.

फोन वाजला तसा तो उभाच राहिला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

'आली न बाप्पा घरी. टोपलं भरत नव्हतं म्हून थांबली थोडी. काऊन रे?'

'काई नाई. पानी पी आंधी,' तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खाली बसून त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग माझ्यावर बोट रोखून शेजारी ऐकतील एवढ्या जोरात ओरडला, 'वाघ तू! मघापासून तूच हायेस बे!'

मी चिठ्ठी उघडून दाखवली. पकडलं गेल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पुढचे डाव तो गरज नसतानाही ते नाव घेत खेळला, गावकऱ्यांनासुद्धा वाघ म्हणाला आणि सपाटून हरला.

निघताना तो दारात चपला घालत होता. 'पुढच्या रविवारी येतोस ना?' मी विचारलं.

'येतो न. पन मोहा सरतपर्यंत माय रोज जाते.' त्याने दुसरी चप्पल चढवली. 'माहं बोट मोजत जाजो.'