आडातली वाटी

माझी बालमैत्रीण महानंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी डाळ धूत होते. तिची लेक मुखेडहून बोलत होती. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे आईला बसवूनच माती दिली, मावशी, एवढं ती म्हणाली आणि मला भलतंच आठवलं... महानंदाला याआधीही असंच बसवून जमिनीत सोडलं होतं. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

उदगीरजवळच्या आमच्या गावात त्या मोठ्या दुष्काळात सगळे आड आटले. तळाशी झऱ्याला ओंजळभर पाणी साचायचं. ते भरायला अंगानं बारीक पोर पाटीत बसवून दोरानं खाली सोडत. गल्लीत सगळ्यांत हडकुळी महानंदाच. मी गुबगुबीत, म्हणून काठावर. काशाच्या वाटीनं घाईघाईनं पाणी खरवडून ती घागर भरायची. ती सांगायची, मी तीनदा खरवडून थांबले की दगडापलीकडं कुणीतरी एकदा खरवडतं. मोठ्यांनी तिला वेड्यात काढलं. मी मात्र रोज विचारायचे, आज आला का गं आवाज? ती हसायची नाही, नुसती होकाराची मान हलवायची.

पुढं बारावीला आम्ही एकाच बाकावर होतो. नवा जिल्हा नुकताच झालेला. फॉर्मवर उस्मानाबाद लिहायचं, खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, असे ते दिवस. पुण्याच्या एका कॉलेजानं अर्जासोबत स्वतःच्या आयुष्याविषयी दोन पानं मागवली होती. आम्ही गाइडातले निबंध पाठ करणाऱ्या मुली, स्वतःविषयी काय लिहायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. महानंदा म्हणाली, मी आडाचं लिहिते. मी हसले. ती शिकलेली माणसं तुला खुळी समजतील, त्यापेक्षा नव्या जिल्ह्यावर लिही, असं मीच तिला पटवलं. तिनं कार्यालयं, रस्ते, विकास असं काय काय लिहून दोन पानं भरली. मी घरी कोरे कागद घेऊन बसले, तर एकही गोष्ट सुचेना... आणि मग मीच आडात उतरले. पाटी, दोर, वाटी, पलीकडचा आवाज, सगळं माझं म्हणून लिहिलं. मला प्रवेश मिळाला, तिला नाही. वर्षभरात लग्न होऊन ती मुखेडच्या किराणा दुकानात बसली. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे आणि मला त्याची लाज वाटते.

पुण्यात वसतिगृहाच्या नळावर ताट घासताना एकदा हात थांबला आणि भिंतीपलीकडं कुणीतरी खरवडलं. पलीकडं मोकळं मैदान होतं. नंतर घरं बदलली, तो आवाज मात्र मागं लागलेलाच राहिला. नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं प्लंबर बोलावला.

गेल्या दिवाळीत महानंदाला भेटायला गेले. चहा झाल्यावर तिनं दुकानातल्या फळीवरून ती वाटी काढली. एक कड झिजून पातळ झालेली.

"आडाचं तू लिवलंस, ठाव हाय मला," ती म्हणाली. "तू पुण्याला गेलीस, तवापास्नं मला तो आवाज आला न्हाई."

मी रिकामे कप गोळा करू लागले.

"तुला येतो का गं?"

मी नाही म्हणाले. चाळीस वर्षांनीसुद्धा खोटंच. तिनं वाटी माझ्या हातात ठेवली.

"असू दे. ही घिऊन जा. एकटीला लई भ्या वाटतं तितं खाली."

ती वाटी माझ्या ओट्यावरच असते. त्या दिवशी फोन ठेवला आणि काही सुचेना म्हणून उरलेली डाळ वाटीनं काढू लागले. पातेल्याच्या तळाशी तीनदा खरवडलं, थांबले. नेहमीसारखं पलीकडून एकदा खरवडलं गेलं... आणि पाठोपाठ, घाईघाईनं, आणखी एकदा.

"येतो गं, महानंदा," मी भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "मला येतो."