माझं पुस्तक, त्याचे वाचक

ती कादंबरी मी विकत घेतली होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पनवेलला एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. बायको लोणच्याच्या स्टॉलवर रमली आणि मी चारशे पानांचं एक जाडजूड पुस्तक उचललं. पेशवाईच्या शेवटच्या काळातलं रहस्य होतं. खाडीकाठच्या जकात नाक्यावर एका कारकुनाचा खून होतो. खोलीला आतून कडी, आणि खिडकीतून मांजरही जाणार नाही. त्याच्या जागी आलेला दुसरा कारकून खुन्याचा माग काढतो. मी स्वतः जासईच्या कंटेनर यार्डात इम्पोर्टच्या कागदपत्रांवर बसतो. पंचवीस वर्षं माल कुणाचा, कुठून आला, कुठे चालला हे तपासतोय. कारकून नायक असलेली कादंबरी मला आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती.

मी ती कंपनीच्या बसमध्ये वाचली. आमची बस सकाळी साडेसातला एसटी स्टँडच्या पुढून सुटते. ट्रेलरच्या रांगेत अडकली की जासईला पोचायला कधी पाऊण तास, कधी दीड. बाकीचे झोपतात नाहीतर मोबाइल बघतात. वाचणारा मी एकटाच. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कुणीतरी विचारायचं, "काय वाचताय?" मी पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवायचो आणि पुन्हा मान खाली घालायचो. बसमध्ये माझी तेवढीच ओळख होती.

त्या दिवसांत आमच्याकडे एक नवा सर्व्हेअर आला. तिशीचा, उंच, मोकळं हसणारा. कंटेनर उघडून आतला माल तपासणं हे त्याचं काम. तो माझ्या शेजारी बसायला लागला. मी शेवटचं पान मिटलं तसं त्याने विचारलं, "काका, झालं? मी नेऊ?"

काका या शब्दाचा राग आला, पण पुस्तक दिलं. त्याने चार दिवसांत संपवलं. पाचव्या दिवशी मी हात पुढे केला तर म्हणाला, "अहो, मी गेटवरच्या भाईंना दिलं. त्यांना फार उत्सुकता होती. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो.

भाई म्हणजे आमच्या गेट ऑफिसातले. बारा वर्षं कुवेतला काढून पनवेलला परतलेले. त्यांनी पुस्तक पुढच्या आठवड्यात संपवलं आणि बसमध्ये चढताच ओरडले, "अल्ला कसम, असा आदमी कातिल असेल असं वाटलंच नव्हतं!" सर्व्हेअरने धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सगळी बस हसली. तिथून ते सुरू झालं. पुस्तक भाईंकडून अकाउंट्सच्या मॅडमकडे गेलं, त्यांच्याकडून क्रेन ऑपरेटरकडे. सर्व्हेअरने एक नियम काढला. दोनशेव्या पानावर थांबायचं, खुनी कोण वाटतो ते शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचं आणि मगच पुढे वाचायचं. पुस्तकाला त्याने खाकी कव्हर घातलं. पहिल्या पानावरची माझी सही त्या कव्हरच्या घडीखाली चिकटून गेली.

आता रोज सकाळी बसमध्ये चर्चा असायची. नाकेदारावर संशय, होडीच्या तांडेलावर संशय, मेलेल्या कारकुनाच्या मेव्हण्यावर संशय. सर्व्हेअर पुढच्या सीटवर उलटा, गुडघ्यांवर बसून एकेकाला प्रश्न विचारायचा. "बरं, मग कडी आतून कशी लागली? सांगा!" तेच प्रश्न मला पुस्तक वाचताना पडले होते, पण मी ते कुणाला विचारले नव्हते. लोक म्हणायचे, "सर्व्हेअरचं पुस्तक आता कुणाकडे आहे?" पहिल्यांदा मी म्हणालो, "माझं आहे ते." एकाने "हो का?" म्हटलं आणि तो पुन्हा सर्व्हेअरकडे वळला. दुसऱ्यांदा मी बोललो नाही.

घरी बायकोच्या लक्षात आलं. "अहो, आठ दिवस झाले, तोंड सुजवून बसलाय. झालंय काय?"

मी सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली.

"पुस्तक फाडलं का कुणी?"

"नाही."

"हरवलं?"

"नाही गं. सगळे वाचतायत."

"मग?" ती म्हणाली. सर्व्हेअरच्या भोवती जमणारी ती सगळी माणसं मला हवी होती. ती माझ्या पुस्तकामुळे जमली होती आणि त्यात मी कुठेच नव्हतो. हे बायकोला सांगायचं कसं?

मग पुस्तक आमच्या ड्रायव्हरकडे गेलं. तो जासईचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. शाळा सुटल्यावर त्याने पुस्तक हातात धरलं नव्हतं. आम्हाला यार्डात सोडलं की तो दुपारी बस सावलीला लावून वाचायचा, ओळीखाली बोट धरून. सर्व्हेअर रोज विचारायचा, "कुठवर आलात?" आणि तो आरशातून बघत म्हणायचा, "वाईच थांबा. कोनी सांगू नका मना." तीन आठवडे लागले त्याला दोनशेव्या पानावर यायला.

त्या सकाळी सर्व्हेअरने जाहीर केलं, "आज आपले ड्रायव्हरसाहेब खुनी सांगणार!" ट्रेलर अडकले होते, बस थांबलेली. सगळे पुढे झुकले. भाई तर उठून उभे राहिले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मागे वळला आणि लाजत हसला. मी त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सर्व्हेअरने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

आणि मी माझ्या जागेवरून मोठ्याने म्हणालो, "वैद्य. वैद्यानेच मारलंय त्याला. त्यात काय एवढं?"

सर्व्हेअर माझ्याकडे बघतच राहिला. मला त्याचा खेळ मोडायचा होता. तो मोडला. पण मी पाहिलं ते ड्रायव्हरचं तोंड. तो रागावला नाही. हातातलं काहीतरी खाली पडल्यासारखा झाला. "साहेब, तुमी नाय सांगाला पायजे होता," एवढंच म्हणाला आणि त्याने इंजिन सुरू केलं.

यार्डात उतरताना त्याने डॅशबोर्डवरचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "घ्या. तुमचाच हाय ना."

दिवसभर ते पुस्तक माझ्या टेबलावर पडून होतं. मी शेवटचं कोरं पान उघडलं. त्यावर नऊ जणांचे अंदाज होते, निरनिराळ्या अक्षरांत. अकाउंट्सच्या मॅडमनी एक नाव खोडून दुसरं लिहिलं होतं. त्या पानावर माझं एक अक्षर नव्हतं. इतका हेवा मला त्या सर्व्हेअरचा त्याआधी वाटला नव्हता, आणि इतकी लाजही.

दुपारी मी बसकडे गेलो. ड्रायव्हर पायरीवर बसला होता. मी म्हणालो, "चुकलं माझं." तो सरकला आणि बसायला जागा केली.

"माझा काय नाय, साहेब," तो म्हणाला. "बायकोचा पाय मोडलाय, दोन महिने खाटंवर हाय. दुपारी मी आधी वाचून घेतो, म्हंजे अडखलाय नको. मंग संध्याकाळी तिला वाचून दाखवतो. ती वाट बघत असतं."

"मग आता?"

"तिला नाय सांगितला तर तिला कुठं ठाव हाय?" तो म्हणाला.

मी पुस्तक परत त्याच्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांदेखत सर्व्हेअरची माफीही मागितली. फार जड गेलं. तो म्हणाला, "सोडा हो काका, होतं असं," आणि पिशवीतून संत्रं काढून अर्धं मला दिलं. त्याने मनापासून सोडून दिलं होतं. मला ते कधी जमलं नसतं, म्हणून त्याचाही मला हेवा वाटला.

पुढचे तीन आठवडे खेळ निराळा झाला. आता सगळी बस ड्रायव्हरच्या बायकोच्या मागे होती. सर्व्हेअर रोज चढला की पहिला प्रश्न, "वहिनी काय म्हणतात?" ड्रायव्हर तिचा संशय सांगायचा, आणि तो रोज एकच असायचा. वैद्य. साठाव्या पानापासून ती वैद्य म्हणत होती.

"पण का?" भाईंनी विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "ती बोलतं, खून उघडा पडला तवा खाडीला ओहोटी होती. पुस्तकातच लिवलाय. ओहोटीला पल्याडशी कोन आला तर गुडघ्यापर्यंत चिखल लागनारच. सगल्यांच्या पायाला चिखल होता. वैद्य बोलला मी आताच पल्याडशी आलो, न त्याच्या वहाना कोऱ्या. म्हंजे तो रातीपासून नाक्यावरच होता."

ती लग्नाआधी मिठागरात आणि खाडीत वावरलेली बाई. आम्ही बारा जणांनी ते पान वाचलं होतं आणि वहाणांची ती ओळ एकाच्याही नजरेत भरली नव्हती. कागद तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली होती, माझ्याही नाही. सर्व्हेअरने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती चालायला लागल्यावर एक दिवस ड्रायव्हरने मोठा डबा आणला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. तो डबा त्याने सर्व्हेअरच्या हातात दिला. "घरच्यांनी तुमच्यासाठी पाठवलाय. तुमी रोज इचारायचे म्हनून."

मी खिडकीशी बसलो होतो. पुस्तक कुणाचं हे ड्रायव्हरला पक्कं माहीत होतं. तरी डबा योग्य माणसाकडेच गेला होता, कारण तीन आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं की वहिनी काय म्हणतात. हे मला कळत होतं, तरी मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सर्व्हेअरने डबा उघडला, पहिली भाकरी काढली आणि माझ्यापुढे धरली. "काका, आधी तुम्ही. पुस्तक तुमचं."

भाकरी मऊ होती, अजून कोमट. चटणी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. पुस्तक आता आपटा गावी आहे म्हणे, ड्रायव्हरच्या मेव्हणीकडे, आणि तिच्यानंतर तिथले आणखी दोघं थांबलेत.