ताक, सुरण आणि आचारीमामा

पंगतीला झणझणीत रस्सा वाढणारा आमचा आचारीमामा स्वतः मात्र दहीभात खायचा, आणि जेवणं आटोपली की लोकांना चुलाण्यामागं नेऊन मूळव्याधीवर औषध सांगायचा. अनसिंगच्या आसपास लग्नाचा स्वयंपाक त्याचाच. अन् जे दुखणं माणूस बायकोलाही सांगत नाही, तेही त्याच्याच कानात.

मीही सांगितलं. मी शिंपी, दिवसभर मशीनवर बसून. शौचाला कडक व्हायचं, काचेनं कापल्यागत दुखायचं, वर लालभडक थेंब. मामा हसला. "लाजतं कायले? चीर पडली तुले. जोर लावू नको, पाणी पे, ताक पे, पालेभाजी खाय, अन् टपात कोमट पाणी घेऊन बसत जाय." महिनाभरात मी बरा झालो. खोटं कशाला बोलू, तेव्हापासून मामा म्हणजे माझा देव.

"रगत म्हणजे गरमी, दुसरं काही नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जन्म भट्टीपुढं गेलेला माणूस, त्याला सगळ्या दुखण्यात आगच दिसायची. त्यामुळं स्वतःला रक्त पडू लागलं तेव्हा त्यानं तिखट चाखणंसुद्धा सोडलं आणि मूळव्याधीवरचं म्हणून सुरण खात बसला. दोन वर्षं! मला एकट्याला म्हणाला, "दुखत नाही रे, पण रगत काळपट पडते. अन् कितीदा बसलो तरी साफ झालं वाटत नाही."

त्या दोन वर्षांत त्याचा सदरा मी बाजूंनी तीनदा आत घेतला. माप माझ्या हातात होतं, तरी मी गाढव गप्प बसलो. एकदाच म्हटलं, "मामा, वाशीमला दाखवू." तर उसळला, "परक्या माणसासमोर नाडा सोडू काय? अन् लगनसराईत भट्टी कोन पायते, तुहा बाप?" मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

रिसोडच्या एका लग्नात तो भट्टीजवळच चक्कर येऊन पडला. तसाच वाशीमला नेला. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, मग दुर्बिणीनं, तुकडा काढून पाठवला. कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "रक्त मूळव्याधीचं असतं, चिरेचं असतं, तसं कॅन्सरचंही असतं. तपासल्याशिवाय कळतं का? चाळिशी उलटल्यावर तरी अंगावर काढू नये हो!" माझी चीर ताकानं भरली म्हणून मामाचंही दुखणं जाईल, असं धरून बसलो होतो मी.

मामानं खाट धरली तरी लोक येतच राहिले. एक पन्नाशीचा माणूस आला, कानाशी वाकून कुजबुजला. मामा जीव एकवटून बोलला, "ताक-सुरण राहू दे. पयले डॉक्टरले दाखव. मी चुकलो बाप्पा." तो माणूस उठला. दारात चपला घालता घालता मला म्हणाला, "म्हातारा औषध संगं घेऊन चालला. सांगून नाही राह्यला."

मामानं ऐकलं. "त्याले तू तरी घेऊन जाय रे," म्हणाला आणि रडायला लागला. मी धावलो, पण तो बसला ती जीप निघून गेली होती. त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आत येऊन मी खोटंच सांगितलं, "उद्या त्याला वाशीमला नेतो, मामा." मामानं मला हात जोडले. चौथ्या दिवशी तो गेला.