जांभळ्या कपड्यामागचं चित्र

गेल्या रविवारी दुपारी भिलाईजवळ चरोद्याच्या चर्चमध्ये गेले होते. मी बौद्ध, तिथं माझं एरवी काही काम नसतं. पण माझी मैत्रीण ॲग्नेस डिसेंबरात वारली, आणि तिथलं एक चित्र मला पुन्हा पाहायचं होतं...

ॲग्नेस आणि मी भिलाईत एकाच शाळेत सव्वीस वर्षं होतो. ती शिवण शिकवायची, मी ड्रॉइंग.

चित्र साधंच. क्रुसावरून उतरवलेला येशू त्याच्या आईच्या, मरियेच्या मांडीवर. मालगाडीच्या डब्यांवर नंबर रंगवणाऱ्या एका पेंटरनं रिटायर झाल्यावर काढलेलं.

ॲग्नेसचा मुलगा जॉन अठ्ठाविसाव्या वर्षी काविळीनं गेला. त्याला वर्ष झालं तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, तिनं मला त्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला नेलं आणि नंतर या चित्रासमोर बसवलं. मी काय बोलावं? "प्रपोर्शन चुकलं. एवढा मोठा माणूस, अन् दहा वर्षांच्या पोराएवढा काढला." जन्मभर मुलांच्या वह्या तपासून जीभ तशीच झालेली.

ती चिडली नाही. म्हणाली, "आईच्या मांडीवर केवढा मोठा होते वं पोरगा?"

चुकले, एवढं म्हणायला हवं होतं. तेही म्हटलं नाही. पुढे कितीतरी रविवार ती विचारायची, "येतं का वं संगं?" मी काही ना काही काम काढायचे. मग तिनं विचारणं सोडलं...

आणि आता गेले, तर चित्रावर जांभळा कपडा. ईस्टरच्या आधी दोन आठवडे मूर्ती, चित्रं झाकून ठेवतात, हे मला कुठे ठाऊक. तिथं झाडणाऱ्या फुलमनीला म्हटलं, दोन मिनिटं कपडा वर कर, बघते आणि जाते.

"नहीं होगा दीदी. ईस्टर के बाद आना."

मी शाळेतला आवाज लावला. तिच्यावर काही परिणाम नाही. झाडू मारता मारताच म्हणाली, "अग्नेस मैडम तो ऐसे ही बैठती थीं. पिछले साल ढका था, तब भी रोज आईं."

मी विचारलं, झाकलेल्या चित्रात काय बघायची ती?

"मैंने भी पूछा था. बोलीं, मेरे को मालूम है ना, अंदर कैसे सोया है."

मग मीही बसले. तिच्याच बाकावर.

रेघ न रेघ आठवत होती. आईचे ते रुंद हात, तो एवढासा येशू... त्या पेंटरनं मापात काढला असता, तर तो मांडीत मावला नसता. नऊ वर्षं लागली मला हे दिसायला, आणि दिसलं तेव्हा समोर नुसता कपडा होता.

फुलमनीनं तो उचलला नाही, बरं केलं. तिचे उपकार आहेत माझ्यावर.

निघताना कोणी ऐकत नाही असं बघून त्या कपड्याला सांगून आले... बरोबर काढलं वं त्यानं, ॲग्नेस.