वस्तुमान हाताने घालायचं नाही

सरांचा एकच दंडक होता: समीकरणात वस्तुमान हाताने घालायचं नाही. मी बडोद्यात त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. आमचा सिद्धान्त असा, की विश्वाच्या मुळाशी कसलंच माप नाही. लहान काय नि मोठं काय, नियम सारखेच. कणांना वस्तुमान मिळतं ते त्यांच्या आपापसातल्या देवघेवीतून, आपोआप. कुणी सोयीसाठी एखादा आकडा आत सरकवला, की उपासाच्या खिचडीत कांदा दिसावा तसे सर ओरडत. मला हसू येई.

सर निवृत्त झाले आणि आजारी पडले. आमच्या गणितातून एक नवा कण निघत होता, अजून कुठल्याच प्रयोगाने न नाकारलेला. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. सर त्या कणावर तग धरून होते. त्यावरचा आमचा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला तेव्हा बडोद्याच्या हरणी भागातल्या घरी काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, शिरा केला.

छपाईआधी मी ते गणित पुन्हा करून पाहिलं. त्यातल्या बेरजा अनंतापर्यंत जातात, म्हणून त्या कुठेतरी छाटाव्या लागतात. छाटलं की तिथे एक माप आपसूक शिरतं, ते नंतर काढून टाकायचं. सरांनी ते काढलं होतं, पण पुरतं नाही. उरलेल्या तुकड्यातूनच आमचा कण निघत होता. तुकडा काढला, कणही गेला. मी टेबलावर डोकं टेकून रडले. सरांचा रागही आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं वाटलं, आणि तसं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं.

लपवावं असंही मनात आलं. पण ते सरांनाच आवडलं नसतं. हरणीला जाऊन कागद त्यांच्या हातात दिला. मला काही बोलावं लागलं नाही. नेमक्या ओळीवर त्यांनीच बोट ठेवलं.

"हे मी घातलंय," ते म्हणाले. मग आत स्वयंपाकघराकडे बघत, "निबंध मागे घे. आणि हिला काही बोलू नकोस."

मी निबंध मागे घेतला. सर त्याच महिन्यात गेले.

तेराव्याला काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. बडोद्याच्या गुजराती वळणाने म्हणाल्या, "अगं, तुमचा तो कण मिळाला की मला लगेच सांग ने. गणपतीला नवस बोललेय मी त्याच्यासाठी. हे गेले म्हणून काय झालं, फेडायला तर हवा ने?"

"सांगेन, काकू," मी म्हटलं.