ग्रहणात भरलेली बॅटरी

गोजरबाईला कुणी नको म्हटलं की ती ते हमखास करायची. नवरा गेल्यावर भाऊबंद म्हणाले, शेत विक. तिनं त्यात मिरची लावली. दाईपण सोड म्हणाले, तर तिनं घराची पुढची खोली बाळंतिणींसाठी सारवून ठेवली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं आम्ही बायका समजवायचो. ती म्हणायची, "मासा कोन, ते अगोदर ठरू द्या."

जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथवर विजेचे खांब आले नव्हते. कुठल्याशा संस्थेची माणसं उन्हावर चालणारा दिवा बसवून बघायला आली, तेव्हा पुरुषमंडळींनी तो चावडीवर मागितला. गोजरबाईनं भर बैठकीत विचारलं, "चावडीवर कोनाले लेकरं होऊन राह्यले?" दिवा तिच्याकडे गेला. पत्र्यावर निळी काच, कोपऱ्यात लाकडी पेटीत बॅटरी, आढ्याला नळीचा दिवा. सकाळी ती शिडी लावून काच पुसायची. बॅटरीत घालायचं पाणी जळगाव जामोदच्या गॅरेजातून आणायची. दिवसाचं ऊन बॅटरीत साठायचं आणि अंधार पडला की खोलीत उजेड व्हायचा.

मग ऐंशी सालचं ते मोठं सूर्यग्रहण आलं. दुपारी सगळं गाव दारं लावून बसलं. भगवानरावांच्या सुनेला, कोकिळाला, नेमक्या तेव्हाच कळा सुरू झाल्या. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात झालं होतं. लेकराच्या मानेला नाळेचा फास बसलेला कुणाला दिसला नाही, आणि लेकरू गेलं. म्हणून ग्रहण सुटल्यावर भगवानराव नदीवर आंघोळीला गेले, तेवढ्यात गोजरबाईनं कोकिळाला आपल्या खोलीत आणून निजवलं.

घरोघरी साठवणीचं पाणी ओतलं जात होतं, घागरी घासल्या जात होत्या. दिवस मावळला. गोजरबाई बटणाकडे वळली, तोच भगवानराव ओल्या धोतरानं दारात. त्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

"दिवा लावू नको. गिऱ्हानातल्या सूर्याचा उजेड हाय तो. अगोदर बॅटरीतलं पानी ओतून टाक."

"ओतलं तर बॅटरी मरते. अन् तिच्यात कालचंबी ऊन हाय."

"माठातलं पानीबी कालचंच होतं. ओतलं ना सगळ्यायनं?"

ओसरीवर आम्ही साऱ्या जमलो होतो. मला वाटलं, हरली बाई. गोजरबाईनं पदर खोचला.

"ओतलं, कारन ते फुकटचं होतं. तुमच्या घरची तुपाची बरनी ओतली काय, भगवानराव?"

"तिच्यात तुळशीचं पान टाकलं होतं."

"अन् तेलात? लोनच्यात?"

"त्याच्यातबी."

"म्हंजे महाग ते पानानं वाचते, अन् स्वस्त ते बाटते! माही बॅटरी तुमच्या तुपाहून महाग हाय. तिच्यावर दोन जीव हायेत."

आम्हाला हसू आवरेना. त्यानं भगवानराव जास्तच भडकले. "माह्या नातवावर हा उजेड पडू देनार नाई. बायहो, उचला तिले. घरी चिमनी लावू."

गोजरबाई दारात आडवी झाली. "मले ओलांडून न्या."

कुणी पुढं होईना, कुणी मागं सरेना. तेवढ्यात आतून आवाज आला. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली कोकिळा कळ ओसरताच कोपरावर उठली होती.

"मामाजी, मागच्या खेपेला मले लेकराचं तोंडबी दिसलं नाई. अंधारातच नेऊन पुरलं त्याले. मी इथून हलत नाई. गोजरमाय, लावा दिवा."

गोजरबाईनं बटण दाबलं. नळी दोनदा लुकलुकली आणि खोलीभर पांढरा उजेड पडला. भगवानराव दारातून मागं झाले, पण घरी गेले नाहीत.

याही लेकराच्या मानेला नाळेचा वेढा होता. या वेळी तो दिसला. गोजरबाईनं बोट घालून अलगद सोडवला, आणि पोरगी टाहो फोडून रडली.

बाहेरून भगवानराव म्हणाले, "आना इकडं. पाहू द्या."

गोजरबाई तिला घेऊन दाराकडे निघाली. कोकिळानं तिचं लुगडं धरलं.

"थांबा म्हना त्यायले," ती म्हणाली. "अगोदर मी पाह्यते."