खांबाआडची भागीरथा

कुरखेड्याकडच्या त्या गावात भागीरथेचा चेहरा तिच्या सासऱ्यानं कधी धड पाहिला नव्हता. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हा रिवाज. सासू आधीच गेलेली, नवरा जंगलकटाईच्या कामावर तापानं गेला, आणि घरात उरले दोघंच, वारलूभाऊ आणि ही. न बोलून चालणार कसं? मग भागीरथा सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, मधल्या खांबाआड उभी राही, पदर ओढी आणि खांबाशी बोले. "खांबा, मामाजीले सांग, बियाणं भिजत घातलं." पलीकडे बाजेवर बसलेले वारलूभाऊ खांबालाच उत्तर देत. धानाची सारी शेती दोघांनी त्या खांबाच्या मध्यस्थीनं केली, आणि चांगली केली.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात खांब उधईनं पोखरलेला निघाला. नूर मोहम्मद मिस्त्री आला. त्यानं दोन्ही बाजूंना टेकू लावून छपराचा भार उचलून धरला, खांब काढला आणि वर लांबलचक सागाची मयाल, म्हणजे आडवी तुळई, चढवली. "आता मधात खांबाचं कामच नाई, भाऊ. खुशाल पंगती बसवा," तो म्हणाला. गावातली माणसं येऊन सपरी पाहून गेली. वारलूभाऊ खूष. खांब ठेवा, असं भागीरथेला आदल्या दिवशी सांगता आलं असतं. पण तेही सांगायचं खांबाकरवीच, आणि खांबानंच आपली वकिली कशी करायची, म्हणून ती संकोचली. तिला वाटलं, निभेल.

कशाचं निभतंय! त्या मोकळ्या जागी उभी राहिली की तिच्या तोंडून शब्द फुटेना. दाराआडून बोलावं, तर दार लांब आणि म्हाताऱ्याला ऐकू कमी. मग शेजारची मंगली निरोप नेऊ लागली. मंगलीच्या पोटात काही राहत नसे. कोणता बैल विकायचा हे सासऱ्याच्या आधी गावाला कळे. भागीरथेला त्याची लाज वाटे, आणि रागही येई.

पावसाळ्यात एके दुपारी ती शेतावरून धावत आली. त्यांच्या बोडीची, शेताला पाणी पुरवणाऱ्या तळ्याची, पाळ एका जागी खचत चालली होती. ती फुटली तर वर्षाचं धान वाहून जाणार. मंगली धानाच्या रोवणीला गेलेली. भागीरथा सपरीत येऊन थांबली, पदर नाकापर्यंत. ओठ हलले, आवाज नाही. वारलूभाऊ नुसते बघत राहिले. तिला रडू कोसळलं.

म्हातारा उठला. त्यानं बाज फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला.

"ए भिंती," तो म्हणाला, "तिले पूस, काऊन रडून राह्यली?"

"भिंती, मामाजीले सांग, बोडीची पाळ खचून राह्यली! फावडं घेऊन चला म्हणा!" भागीरथा एका दमात बोलली.

पाळ वाचली, धान वाचलं. बाज मात्र पुन्हा फिरली नाही. वारलूभाऊंचा सारा जीव रस्त्यात. कोणाची बैलबंडी गेली, कोण बाजाराला निघालं, हे बघत दिवस काढणारा माणूस तो. मरेपर्यंत मातीच्या भिंतीकडे तोंड करून बसला. आलेगेले विचारत, "भाऊ, तिकडं काऊन तोंड करून बसता?"

"उजेड डोळ्याले सहन होत नाई," ते म्हणत.

आत भागीरथा ऐकत असे. म्हाताऱ्याचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते.